दोन बोटांची नोटीस

वाटेत फुटलेल्या मालाचा क्लेम कसा काढायचा, हे पेण-हमरापूरकडच्या बऱ्याच कारखानदारांना मी शिकवलं आहे. हंगाम संपला की लोक बिल्ट्या आणि फोटो घेऊन आमच्या ऑफिसात यायचे. "वहिनींकडे द्या, त्या काढून देतील," असं एकमेकांना सांगायचे. मला त्याचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे. म्हणून आमच्या स्वतःच्या मालाचा तुटफुटीचा विमा मी बंद केलाय हे कळलं की हीच मंडळी चक्रावतात. कंपनीने बुडवलं का, विचारतात. नाही बुडवलं. बहुतेक वेळा पैसे आले. ते कुठून आले हे कळल्यावर माझं मन बदललं, आणि एवढं एका वाक्यात सांगून कुणाला पटत नाही.

आधी माल कसला ते सांगते. आमच्याकडे शाडूच्या मूर्ती होतात. माती गुजरातेतून येते. मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, सावलीत सुकवतात, घासतात, रंगवतात. पाण्यात विरघळायची असते, त्यामुळे रंगाखाली ती शेवटपर्यंत कच्ची मातीच राहते. पीओपी हलकं आणि त्या मानाने चिवट, शाडू जड आणि ठिसूळ. दीड फुटी मूर्तीचं वजन सगळं बैठकीत असतं आणि नाजूकपणा सगळा टोकांना: आशीर्वादाच्या हाताची बोटं, सोंडेचं वळण, सुळा, मुकुटाचा कळस. आणि उंदराचे कान. उंदराचे कान सगळ्यांत आधी जातात.

पॅकिंगला नवा पोरगा लागला की तो बोटांभोवती कागद कोंबतो. त्याला वाटतं, जिथे नाजूक तिथे जास्त भरावं. प्रत्यक्षात बोटांना काहीही टेकता कामा नये. मूर्ती पाटाला घट्ट बसवायची, पाठीमागून आणि दोन्ही मांड्यांच्या बाजूने पेंढ्याची आवळ द्यायची आणि पुढचे हात नि सोंड मोकळ्या जागेत राहू द्यायची. कोंबलेला कागद दर खड्ड्याला बोट दाबतो. शंभरदा दाबलं की बोट मुळातून निसटतं, आणि खोकं उघडेपर्यंत बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आता खड्डे किती, हे मी आमच्या महामार्गाबद्दल सांगायला नको. पनवेल ते इंदापूर रुंदीकरण 2011 साली सुरू झालं. त्यानंतर शाळेत गेलेली पोरं आज आमच्याकडे रंगकामाला आहेत.

तर क्लेम. आमची सालभराची ओपन पॉलिसी होती आणि प्रत्येक खेप तिच्यात नोंदवायची. रस्त्याने-रेल्वेने जाणाऱ्या मालाला विम्याची तीन कलमं असतात, ए, बी आणि सी. ‘सी’मध्ये आग आणि वीज. ‘बी’मध्ये त्याशिवाय गाडी उलटणं, टक्कर, पूल कोसळणं असले मोठे अपघात. ‘ए’मध्ये, जे स्पष्टपणे वगळलंय ते सोडून सगळं. तुटलेलं बोट बसतं ते फक्त ‘ए’मध्ये, म्हणून मी सगळ्यांना ‘ए’च घ्यायला लावायची. स्वस्तातली ‘बी’ घेऊन आलेल्यांना चार शब्दही सुनवायची.

मग शिकवणी. माल उतरवून घेताना बिल्टीवर कोरी सही करायची नाही. ‘खोकी चेपलेली, माल तपासणीच्या अटीवर’ असा शेरा मारायचा. शंका आली तर ओपन डिलिव्हरी मागायची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माणसासमोर खोकं उघडायचं आणि नुकसानीचा दाखला त्याच्याच सही-शिक्क्याने घ्यायचा. फोटो आधी बंद खोक्याचा, मग उघड्याचा, मग मूर्तीचा. पेंढा फेकायचा नाही, कारण सर्व्हेअर आला की तो आधी पॅकिंग बघतो. पॅकिंग अपुरं होतं असं त्याने लिहिलं की संपलं, ‘ए’मध्येही ते वगळलेलंच आहे. त्याच दिवशी कंपनीला कळवायचं आणि त्याच आठवड्यात ट्रान्सपोर्टरला नोटीस. नोटीस विसरायची नाही, हे मी दोनदा सांगायची.

कायद्याचं पुस्तकही मी घेतलं होतं. आपल्याकडचा सागरी विमा कायदा 1963 चा, ब्रिटिशांच्या 1906 च्या कायद्यावर बेतलेला. त्याच्या 55व्या कलमात कंपनी कशाची भरपाई देणार नाही ते आहे: उशिरामुळे झालेलं नुकसान, नेहमीची झीज, नेहमीची गळती आणि फूट, मालाच्या अंगचाच दोष. आणि उंदरांनी केलेलं नुकसान. प्रत्येक खोक्यात आम्ही एक उंदीर स्वतःच भरून पाठवतो, तेव्हा हे कलम वाचून आमच्या कारखान्यात बरीच करमणूक झाली. पण ‘नेहमीची फूट’ हा शब्दप्रयोग मी हसण्यावारी नेला नाही. कच्च्या मातीच्या शंभर मूर्ती पाठवल्या तर दोन-तीन तुटणारच, मग तो अपघात कसा, असं कंपनीचा माणूस म्हणायचा आणि मी त्याच्याशी तावातावाने भांडायची. मनातून मला तेव्हाही माहीत होतं की त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. जे होणारच आहे त्याचा विमा काढणं म्हणजे आपलेच पैसे कमिशन कापून परत घेणं. पण भांडण जिंकायची सवय लागली की असले विचार मागच्या बाकावर बसतात.

एकदा इंदूरच्या व्यापाऱ्याकडे सर्व्हेअर यायचा होता आणि मीही तिथे होते. शांत, वयस्क गृहस्थ. त्यांनी मूर्ती हातात घेतल्या, बूट मात्र गोदामाच्या दारातच काढले होते. प्रत्येक तुटलेल्या मूर्तीपुढे ते वहीत लिहीत होते: उजव्या हाताची दोन बोटं, दुरुस्तीचा खर्च अंदाजे अमुक. व्यापारी म्हणाला, "साहेब, खंडित मूर्ती कोण नेणार? पूर्ण किंमत लावा." त्यावर ते म्हणाले, "पूर्ण किंमत लावली तर सॅल्व्हेजही लावावं लागेल. पूर्ण पैसे दिलेला माल कंपनीचा होतो. तो कितीला जाईल?" गोदामात कुणी बोलेना. भंगलेल्या गणपतीला भंगाराचा भाव सांगायची कुणाची छाती होती? शेवटी सॅल्व्हेज शून्य आणि नुकसान निम्मं असं काहीतरी ठरलं आणि सगळ्यांनी चहा घेतला.

ती दोन बोटं माझ्या डोक्यात राहिली. आमच्या कारखान्यात रोज बोटं तुटतात. कारागीर बारीक तार घालतो, शाडूचा लगदा लावतो, सुकल्यावर पॉलिश पेपर मारतो, रंगाचा हात देतो, आणि संध्याकाळी मूर्ती फळीवर परत जाते. ती खंडित झाली असं आमच्यात कुणी म्हणत नाही, कारण प्राणप्रतिष्ठा व्हायच्या आधी ती मातीच. हेच बोट इंदुरात तुटलं की अर्धी मूर्ती गेली. म्हणजे बोटापेक्षा मोठं नुकसान हे, की तिथे कारागीर नव्हता. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं असं घरचे म्हणतात. असेल. माझं लक्ष तेव्हा फाइलीत होतं.

आता नोटिशीकडे येते, कारण सगळा पेच तिथे आहे.

ट्रान्सपोर्टरला नोटीस का द्यायची? 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार माल बुक केल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर त्याच्यावर पुढे दावाच लावता येत नाही. पण मी काही दावा लावणार नव्हते, मला पैसे विमा कंपनीकडून मिळत होते. दावा लावायचा तो कंपनीला. तिने माझे पैसे भागवले की ती माझ्या जागी उभी राहते आणि ट्रान्सपोर्टरकडून माझ्या नावाने वसूल करू शकते. त्यासाठी क्लेम मंजूर होताना स्टँप पेपरवर सब्रोगेशनचं पत्र लिहून घेतात. मी अशा पत्रांवर डोळे झाकून सह्या केल्या आहेत. नोटीस नसेल तर कंपनीचा हा हक्क बुडतो, आणि त्या कारणाने ती माझा क्लेम कापू शकते. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की वाहतूकदाराविरुद्धचे सगळे हक्क विमेदाराने शाबूत ठेवायचे.

आमच्या इंदूर मार्गाचे ट्रान्सपोर्टवाले सासऱ्यांच्या काळापासूनचे. दोन-तीन गाड्यांचा धंदा. हंगामात, म्हणजे जिकडेतिकडे गाड्यांची मारामार असते तेव्हा, ते आमचा माल आधी उचलतात. मूर्तीची गाडी आहे म्हणून ड्रायव्हर निघताना नारळ फोडतो. दरवर्षी त्यांना माझ्याकडून एक नोटीस जायची आणि ते ती कधी वाचत नसत, निदान वाचल्याचं दाखवत नसत. ऑफिसचा कागद, चालायचंच, असं आमचं दोघांचं मौन होतं. मग एका वर्षी विमा कंपनीच्या वकिलाचं पत्र त्यांना गेलं, मागच्या दोन हंगामांच्या वसुलीचं. ते पत्र घेऊन ते आमच्या ओटीवर आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "वहिनी, दोन बोटांची नोटीस तुम्ही दिलीत, मी धरली नाही मनाला. पण तुमचे पैसे तुम्हाला मिळाले ना? मग हे माझ्याकडे कोण मागतंय?"

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. तो मला चांगला सांगता येतो. भाड्याच्या दहापट ही त्यांच्या जबाबदारीची मर्यादा आहे, जास्त किंमत जाहीर करून जास्तीचं भाडं दिलेलं नसेल तर. खोक्यामागे 80 रुपये भाडं असेल तर 800 च्या वर कुणी मागू शकत नाही. हे ऐकून त्यांना दिलासा मिळेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे दहा खेपा फुकट मारायच्या."

त्यांनी पुढे काय केलं ते त्यांचं ते जाणोत. पुढच्या हंगामात मात्र आमच्या बिल्ट्यांवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का आला आणि आमची गाडी लागायला वेळ लागू लागला. मला राग आला. मग मी जुन्या फायली काढून बसले आणि क्लेमचे आकडे बिल्ट्यांशी लावून पाहिले. दर खेपेला विमा रकमेच्या 1 टक्का एक्सेस माझ्याच माथी होता: तीन लाखांच्या मालाला पहिले 3,000 माझे. दोन-चार मूर्तींची तूट बहुतेकदा त्यातच जिरायची. ज्या खेपांचे पैसे आले त्यांच्या वसुलीचा रोख पुन्हा याच माणसाकडे. वरून हप्ता, सर्व्हेअरसमोर अडकलेला व्यापारी, हंगामात अडकलेलं गोदाम. कंपनी खोटं वागत नव्हती. हप्ते मोजताना वसुलीही हिशेबात धरलेली असते आणि असायला हवी. पण मी लोकांना सांगत होते की विमा असला की नुकसान कंपनीचं. माझ्या फायलींतून तसं दिसेना. लहान तूट माझ्याकडेच राहात होती, मधली ट्रान्सपोर्टवाल्यांकडे निघाली होती, आणि मोठी, गाडी उलटण्याची, आमच्या नशिबाने कधी आलीच नव्हती.

मध्यममार्ग मी शोधला. पॉलिसी ‘ए’ ठेवायची आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना तोंडी अभय द्यायचं. आमचे विमा एजंट, नात्याने भाऊजी लागतात, त्यांनी ते तिथेच खोडून काढलं. कंपनीचा वसुलीचा हक्क मी परस्पर सोडून दिला तर क्लेम धोक्यात. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नव्हता. एक तर त्यांच्याशी समझोता, नाहीतर तुटफुटीचा विमा.

मी समझोता निवडला. पॉलिसी ‘बी’वर आणली, म्हणजे गाडी उलटली, पेटली तर कंपनी आहे. तशा वेळी वसुली त्यांच्यावर येईल हे खरं. पण अपघाताने झालेल्या नुकसानीसाठी वाहतूकदाराची स्वतःची जबाबदारीची पॉलिसी मिळते आणि ती त्यांनी काढावी ही माझी अट होती. काढली. तुटफुटीपुरता आमच्यात साधा नियम केला. खोकं बाहेरून चेपलं, भिजलं, फाटलं असेल तर तूट त्यांची, भाड्यातून वळती. खोकं शाबूत आणि आत बोट तुटलेलं असेल तर पॅकिंग माझं, तूट माझी. वकिलाला दाखवलं असतं तर त्याने यात दहा भोकं काढली असती.

वाचलेल्या हप्त्याच्या पैशात एक कारागीर हंगामाच्या आधी आठवडाभर इंदूरला जातो. बरोबर शाडूची पिशवी, तारेचं भेंडोळं, रंगाच्या बाटल्या. व्यापाऱ्याला आधी कमीपणा वाटला, गिऱ्हाइकासमोर डागडुजी कशी करायची म्हणून. आता तो दुकानाच्या पुढच्या भागातच कारागिराला बसवतो. लोक बघत उभे राहतात, काहीजण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्याकडून हवी तशी करून घेतात. हे मी ठरवून केलेलं नाही, त्याचं श्रेय घेत नाही.

एक गोष्ट मात्र ठरवून केली. काय तुटलं त्याची वही ठेवली. विमा होता तेव्हा मी तुटलेल्या मूर्तींची रक्कम लिहायची, आता कुठे तुटली ते लिहिते. त्यावरून आशीर्वादाच्या हाताची बोटं आम्ही एकमेकांना चिकटलेली घडवायला लागलो. दिसायला थोडं कमी पडतं असं यजमानांचं मत आहे आणि ते खरं आहे. उंदीर आता पाटावर चिकटवत नाही. तो वेगळ्या डबीत, कापसात जातो आणि व्यापारी तो तिथे बसवतो.

परदेशी जाणाऱ्या मालाला यातलं काही लागू नाही. कंटेनर जातो तिथे माझा कारागीर जात नाही आणि जहाज कंपनीशी माझा ओटीवरचा व्यवहार नाही. तिथे मी अजून सर्व जोखमींचं कलमच घेते, मालाची किंमत, भाडं, विमा आणि वर 10 टक्के धरून, जशी रीत आहे. तिथला त्रास वेगळा. ऑस्ट्रेलियाला भाताचा पेंढा चालत नाही. लाकडी पेटी 56 अंशांवर अर्धा तास तापवून तसा शिक्का मारलेला नसेल तर माल बंदरातच अडकतो. आणि सगळ्यांत मोठ्या भीतीला विमाच नाही. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. 2024 ला चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. जहाज उशिरा पोचून गणपती अखंड, सुंदर, आणि चतुर्थीनंतर हाती आले असते तर भरपाई शून्य. उशीर कितीही सबळ कारणाने होवो, तो वगळलेलाच. आम्ही त्या वर्षी माल नेहमीपेक्षा खूप आधी काढला आणि तो पोचला. सुकायला मात्र वेळ कमी पडला आणि काही मूर्तींच्या पाठीला तडे गेले. ते मालाच्या अंगच्या दोषात जातं. मी क्लेम केलाही नाही.

माझं ऐकून कुणी आपल्या मिरजेच्या तानपुऱ्याचा किंवा आजीच्या काचेच्या हंडीचा विमा काढायचा राहू नये. एकच वस्तू, एकदाच पाठवायची, वाहणाऱ्याशी ओळख ना देख. त्याने ‘ए’ घ्यावी, किंमत जाहीर करावी आणि पावतीमागचा बारीक मजकूर वाचूनच सही करावी. कुरिअरच्या पावतीवर छापलेली 100 डॉलरची मर्यादा सही करणाऱ्यावर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली भारती निटिंगच्या खटल्यात म्हटलेलं आहे. विमानाने जाणाऱ्या मालाची जबाबदारी तर किलोवर मोजतात. तानपुऱ्याचं वजन ते काय असणार.

चिरंजीव अजून माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, एका वाईट हंगामात हा सगळा हिशेब उलटेल, आणि आई, तू माणसं बघून धंदा करतेस. दोन्ही आरोप मान्य. नागपूरला जाणाऱ्या मालाच्या बाबतीत मी त्यांचं ऐकलंही. तो माल वाटेत गाडी बदलतो, त्यामुळे खोकं कुणाच्या हातून चेपलं ते कळत नाही आणि माझा खोक्याचा नियम तिथे लटका पडतो. त्या मार्गापुरती आम्ही ‘ए’ परत घेतली आहे. तिथली नोटीस जाते ती एका मोठ्या कंपनीच्या पत्त्यावर. तिथल्या कुणाचं तोंडही मी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती लिहिताना मला काहीही वाटत नाही.